साहेब दुसऱ्यांदा आत आले तेव्हा

नागपूरची सकाळची शाळा, मार्चचे दिवस आणि इन्स्पेक्शन... पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि माझा एक तास राहणार की जाणार हे त्या सकाळी ठरणार होतं.

खापा, भिवापूर, कळमेश्वरकडची मुलं आठवीला शहरात यायची. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसायची. त्यांच्यासाठी मी रोज एक वेगळा तास मागून घेतला होता. हेडमास्तरांच्या डोळ्यांत तो खुपायचा. या पोरांना इंग्रजी येणार नाही, त्यापेक्षा त्या वेळात टकळीवर सूत कातू द्या, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली! कुणाला काय येणार नाही हे आधीच ठरवून ठेवणारी माणसं मला कधीच सहन झाली नाहीत. मी त्या काळी सभा गाजवायचे... स्टाफरूममध्येही गाजवली. हेडमास्तरांनी पान चघळत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "भाषण चांगलं झालं, बाई. पण ठरवतील इन्स्पेक्शनचे साहेब."

आमच्या त्या वर्गाचा एक कायदा होता. दारातून जो कोणी आत येईल त्याला मुलं अडवणार आणि इंग्रजीतून तीन प्रश्न विचारणार. उत्तरंही इंग्रजीतूनच. त्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही... मग तो शिपाई असो, नाहीतर मी.

कारण साधं होतं. एरवी प्रश्न नेहमी मोठ्या माणसाचा आणि थरथरणं मुलाचं. मला ते उलटं करायचं होतं. जो प्रश्न विचारतो त्याची भीती अर्धी जाते, हे मी आयुष्यभर सांगत आले. शिपाई बिचारा नोटीस खिडकीतूनच टाकायचा, आणि हेडमास्तरांनी तर वर्गाकडे फिरकणंच सोडलं होतं.

पण त्या दिवशी ते आले. घामाघूम. साहेबांसमोर हा तमाशा होऊ नये म्हणून मुलांना त्यांनी दारातूनच ताकीद दिली, "साहेब वर्गात आहेत तोवर एक शब्द तोंडातून निघाला नाही पाहिजे!" मी काही बोलणार तोच साहेब दारात.

मुलं उभी राहिली. गुड मॉर्निंगसुद्धा नाही... साहेबांनी काळा चष्मा टेबलावर काढून ठेवला, भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? गप्प. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं... ओठ घट्ट मिटलेले. माझी मुलं हुकूम पाळत होती! मी मागून खुणा करतेय, बोला रे... पण साहेबांच्या पाठीमागे हेडमास्तर डोळे वटारून उभे.

साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कठीण आहे, बाई." आणि बाहेर पडले. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. माझा तास गेलाच होता.

आणि साहेब परत आले. चष्मा टेबलावरच राहिला होता.

दारात रत्नमाला आडवी. भिवापूरची पोर, आई मिरच्यांचे देठ खुडायला जायची, ही नागपुरातच इंदोऱ्यात मामाकडे राहून शिकायची. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर, "शीक" हा शब्द ऐकतच वाढलेली. तिच्या हिशेबी साहेब बाहेर गेले तेव्हाच हुकूम संपला होता. आता हा दारात आलेला नवा माणूस.

"स्टॉप, सर. थ्री क्वेश्चन्स!"

हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. साहेब गोंधळून थांबले. कुठे राहता, हा पहिला प्रश्न. घरी कोण कोण आहे, हा दुसरा मागच्या बाकावरून आला. साहेबांनी इंग्रजीत नीट उत्तरं दिली... गाव कळमेश्वर, घरी म्हातारी आई.

तिसरा रत्नमालाचा होता. मी तो कधी शिकवला नव्हता. तिनं शब्द जुळवत जुळवत विचारलं, शाळेत असताना तुम्हाला इंग्रजीची भीती वाटायची का?

 साहेबांच्या तोंडून निघालं, "लय भेत होतो वं बाई मी..."

"इंग्लिश, सर! इंग्लिश!" अख्खा वर्ग ओरडला.

साहेब खळखळून हसले. मग सरळ उभे राहिले आणि शाळकरी पोरासारखे म्हणाले, "येस. व्हेरी मच." रत्नमालानं वाट सोडली, "कम इन, सर."

चष्मा घेऊन निघताना ते हेडमास्तरांना म्हणाले, "हा तास काहून बंद करून राहिले तुम्ही? चालू द्या ना गा." बस्स... एवढंच. माझ्या स्टाफरूममधल्या भाषणानं जे झालं नव्हतं, ते झालं.

मी खुर्चीत बसले. मुलांना काय घडलं त्याची काही कल्पना नव्हती. रत्नमाला जवळ आली आणि घाबरत म्हणाली, "बाई, हेडमास्तर मले मारतीन का? उद्या येऊ न मी?"

"ये," म्हटलं. "सगळेच या."

पुढे मी भाषेवर, शिक्षणावर, हक्कांवर कितीतरी व्यासपीठांवरून बोलले. टाळ्याही मिळाल्या. पण ते एक "ये" म्हणता आलं, तेव्हा छातीवरून जे ओझं उतरलं... तसं हलकं पुन्हा कधी वाटलं नाही. त्या पोरीचे उपकार मी आजही मानते.