सेइनीच्या दातावरचं सोनं

सालेसीच्या हाताचं नाव अख्ख्या वावाऊ बेटात आहे. बोलता बोलता दाढ उपटतो, माणसाला कळतसुद्धा नाही, असं सांगत लोक लांबच्या वाड्यांवरून होडीनं नेइआफूच्या सरकारी दवाखान्यात येतात. आणि हेच कुणी तोंडावर बोललं की सालेसीचं तोंड कडू होतं.

मी त्याचा शेजारी, कोनफळं लावणारा माणूस. माझी दाढ दुखली तेव्हा त्यानं उपटायच्या आधी किती वेळ माझी समजूत घातली.

"ही वाचंल, गड्या. कीड कोरून काढतो, वर भरून देतो."

"भरून काय करू? पुन्हा दुखली की पुन्हा खेप. उपट की."

फळाला आलेला नीरफणस जळणासाठी तोड म्हणावं, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. मग उपटली.

त्याचा पिंडच जपणाऱ्याचा. लहानपणी फाटकं जाळं आम्ही फेकून द्यायचो, हा गाठी मारत बसायचा. समुद्रापार सुव्हा शहरात दातांचं शिकायला गेला तो दात वाचवायला. परत आला, तर दात भरायचा मसाला बोटीनं यायचा, नाहीतर यायचाच नाही. माणसं यायची ती गाल सुजल्यावर. शाळेत जाऊन पोरांना ब्रश वाटले, तर थोड्या दिवसांत त्याच ब्रशांनी आया रविवारी चर्चला घालायचे बूट घासायला लागल्या.

"मी डॉक्टर न्हाई रे, तण उपटणारा गडी हाय," तो मला म्हणायचा. "तू निदान उपटल्या जागी कायतरी लावतोस."

दाखवण्यासारखं त्याच्याकडं एकच होतं. लेक सेइनी. पहिला दात आला तेव्हापासून मांडीवर घेऊन त्यानं तिचे दात घासले. तोंडात एक काळा ठिपका नाही. ती हसली की हा मला कोपरानं ढोसायचा, "बघ. हे माझं काम."

आता आमच्याकडं पोरगी एकविसाची झाली की मोठं जेवण घालतात, आणि ऐपत असली तर पुढच्या दाताला सोनं. त्यासाठी चांगला दात घासून बारीक करायचा आणि वर टोपी चढवायची. सालेसीनं हे काम कधी केलं नाही. धडक्या दाताला मी यंत्र लावणार न्हाई, म्हणून आलेल्यांना परत लावायचा. लोक म्हणायचे, उपटायला पुढं, नटवायला मागं.

सेइनीला एकवीस लागलं आणि कालोलाइने आली. सालेसीची थोरली बहीण. आमच्यात पोरांवर आत्याचा शब्द बापाच्या वर, आणि भाऊ बहिणीपुढं मान वर करत नाही. जेवणासाठी कोनफळांची टोपली घेऊन मी नेमका तिथंच होतो. तिनं गेलेल्या नवऱ्याची अंगठी बोटातून काढून चटईवर ठेवली.

"सेइनीच्या पुढच्या दाताला हे. तूच बसव. परक्याचा हात माझ्या भाचीच्या तोंडात नको."

सालेसी चटईकडं बघत म्हणाला, "आक्का, तिचा दात चांगला हाय."

"म्हणूनच की. किडक्यावर सोनं कोण घालतं?"

हसू लपवायला मी टोपलीत तोंड घातलं.

"घासावा लागतो, आक्का. घासलेला परत उगवत न्हाई."

"अख्ख्या बेटाचे दात उपटलेस तवा कळवळला न्हाईस. माझ्या भाचीला सोनं म्हटलं की तुझा हात जड व्हतो?"

त्यानं लेकीकडं बघितलं.

"करा की, बाबा," सेइनी म्हणाली. "सगळ्या पोरींना हाय."

संध्याकाळी कुंपणाशी येऊन मला म्हणाला, "मी नको म्हणलो तर आक्का दुसऱ्याकडं न्हेणार. तो निम्मा दात खाऊन टाकंल. मी जरा कमी घासीन."

"मग कर की."

"तेच करत आलोय जल्मभर. जरा कमी वाईट."

दुसरा असता तर घटकेत उरकून मोकळा झाला असता. सालेसीनं सगळी सकाळ घातली. मी बाहेर दवाखान्याच्या ओट्यावर होतो. यंत्र जरा घरघरायचं की थांबायचं, पुन्हा घरघरायचं. मग दाताचा ठसा आणि अंगठी राजधानीला गेली, आणि टोपी होऊन बोटीनं परत आली.

जेवणाला भाजलेल्या डुकरांची रांग लागली होती. आत्या मानाच्या जागी. सेइनी हसली की ऊन चमकायचं. जो तो सालेसीच्या पाठीवर थाप मारत होता. "आत्ता खरं काम केलंस बघ, डॉक्टर."

बर्फाच्या खोक्यातला नारळ सेइनीनं तोंडाला लावला. एक गार घोट घेतला, डोळा बारीक केला, आणि मान कलती करून बाकीचं पाणी दुसऱ्या गालानं प्याली. कुणाचं लक्ष नव्हतं. सालेसीचं होतं.

तेवढ्यात फोलाऊ ट्रकवाला वाकून म्हणाला, "डॉक्टर, माझ्या दोन्ही पोरींना सोमवारी आणू का?"

"आण," सालेसी म्हणाला. "दात चांगले असले तर आण. किडके असले तर घरीच ठेव."

फोलाऊ खदाखदा हसला, त्याच्या मागचे हसले. सालेसी उठला, खोक्यातला आणखी एक नारळ काढला आणि लेकीसाठी नेऊन उन्हात ठेवला.