जोडलेली बारा पाने

कल्याणच्या मुलींच्या शाळेत मी दुय्यम मास्तर होतो. शाळेत एक कपाट होते आणि त्यात सरकारातून आलेली तीसचाळीस पुस्तके. कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला असे, त्यामुळे पुस्तके कोरी करकरीत राहिली होती. इतकी कोरी, की छापखान्यातून आली तशीच त्यांची पाने कडेला एकमेकांना जोडलेली होती.

मला तेव्हा सुधारणेची खाज होती. शनिवारी दुपारी तासभर प्रत्येक मुलीने आपल्या मनाचे पुस्तक घ्यावे आणि मनातल्या मनात वाचावे, असे मी सुरू केले. नियम एकच. बांबूच्या कामटीने पाने आपली आपण सोडवायची, तीही त्या दिवशी वाचायची तेवढीच. पहिल्या शनिवारी हेडमास्तर धावत आले. वाचायचे ते मोठ्याने, एवढेच त्यांना ठाऊक.

"अहो, वर्ग इतका गप्प का? काही झाले काय?"

एक मुलगी दहा वर्षांची होती, लग्न होऊन वर्ष झालेली. चित्रांची पुस्तके सोडून तिने एक जाडजूड, बिनचित्रांचे उचलले. त्यात एक व्यापारी मुलीला चुलत्याकडे ठेवून गलबत घेऊन जातो आणि मुलगी बंदरावर त्याची वाट बघत बसते, हे मला तिनेच सांगितले. मास्तरांनी सगळी पुस्तके वाचलेली असतात असा तिचा समज होता. मी तो मोडला नाही.

पुढे डेप्युटी साहेब तपासणीला येणार असे पत्र आले. फाडलेली पाने बघून साहेब शाळेवर ठपका ठेवतील, या भीतीने हेडमास्तरांनी कपाटाला कुलूप घातले आणि शनिवारचा तास पाढ्यांना दिला. मी पाढे घेऊ लागलो.

ती मुलगी माझ्याकडे आली. "मास्तर, बाराच पाने राहिली आहेत. पंचमीनंतर मला न्यायला येणार आहेत."

"तपासणी होऊ दे," मी म्हणालो.

तपासणी दोनदा पुढे गेली. साहेब आले तेव्हा ती सासरी जाऊन आठवडा झाला होता. त्यांनी कपाट उघडायला लावले, पुस्तके चाळली आणि चक्क खूश झाले. पाने सोडवलेली दिसतात, म्हणजे मुली वाचतात, असे म्हणाले. हेडमास्तर लगेच हसू लागले. मग साहेबांच्या हाती ते जाडजूड पुस्तक आले.

"हे शेवटी जोडलेलेच कसे?"

"मुलगी सासरी गेली, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी खिशातला चाकू काढून माझ्या हातात दिला. मी ती बारा पाने उभ्या उभ्या सोडवली. मला वाईट वाटायला हवे होते. काहीच वाटले नाही. कडा सरळ येतात की नाही एवढेच मी बघत होतो.

दोन वर्षांनी ती माहेरपणाला आली. तोवर कपाटाची किल्ली माझ्याच जानव्याला आली होती. शाळेच्या पायरीशी ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली, आत काही आली नाही. बरोबरची बाई घाई करत होती.

"मास्तर, आला का हो तिचा बाप?"

"आला," मी म्हणालो.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि बाईच्या मागून निघाली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी कपाट उघडले आणि ती बारा पाने वाचली. शेवटच्या पानावरसुद्धा मुलगी बंदरावर उभीच होती.