भुशाचं मलम

सुतारकामाच्या त्या कारखान्यात त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. शिक्षण विचाराल, तर शाळेशी त्याचं फार काळ पटलंच नाही. पण कुणाचं बोट कापलं की हा हातातलं काम टाकून धावणार, जखमेत चिमूटभर भुसा दाबणार, वरून लाखेचं पॉलिश फासणार. रक्त थांबे, माणूस बोंबले आणि हा मिशीतल्या मिशीत हसे. असा हा उंटावरचा शहाणा!

बहिणीचा नवराही त्याच कारखान्यात होता. लाकूड कोरायची पटाशी सटकून त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी लागली, तेव्हा तो बिचारा हात धुवायला निघाला.

“दाजी, पाणी कसलं लावताय? चिघळेल!” म्हणत डॉक्टरने त्याला मागे ओढलं आणि आपलं मलम भरलं.

दोन-तीन दिवसांत हात टम्म सुजला, ताप भरला. मग डॉक्टरच त्याला दवाखान्यात घेऊन गेला. नर्सबाई चिमट्याने भुशाचा एकेक कण काढू लागल्या.

“हे कुणी भरलं? वाहत्या पाण्याखाली धरायचं, साबणाने धुवायचं, स्वच्छ फडकं दाबून ठेवायचं. एवढंही कळू नये? आणखी उशीर झाला असता तर अंगठा गेला असता!”

“मीच भरलं,” दाजी म्हणाला.

नर्सबाई आपल्या या डॉक्टरकडे वळल्या. “तुम्ही तरी समजवा हो यांना.” याने चक्क मान डोलावली. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

घरी बहिणीने चहा पुढे केला. “दादा, तू खाडा करून यांना नेलंस. तू होतास म्हणून निभावलं.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी डोळ्यांनी ‘गप्प बसा’ म्हणून खुणावत होता. पण त्याने कप खाली ठेवला.

“अगं, भुसा मीच भरला. हे धुवायलाच निघाले होते. मी अडवलं.”

बहिणीने नवऱ्याचा हात हलकेच आपल्या हातात घेऊन पाहिला. तिने चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

“पट्टी रोज बदलायची आहे,” ती म्हणाली. “ती आता तूच बदलायचीस. आधी साबणाने हात धुवून ये.”

तो न्हाणीघरात गेला. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला.

“धुतलेस का रे?” तिने बाहेरून विचारलं.

“अजून नाही,” तो म्हणाला.