अंबारखान्यातला शिवणवर्ग

परवा बारामतीच्या एका कापडदुकानात दुकानदाराने माझ्यासमोर नव्या ताग्याचं कापड उलगडलं आणि खळीचा तो किंचित आंबूस, कोरा वास नाकात शिरला. तो दर सांगत राहिला; मी मात्र केव्हाच इंदापुरात, जहागीरदारांच्या अंबारखान्यात जाऊन बसले होते.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. बारावी झाली की आम्हा निरवांगीच्या पोरींपुढे लग्न नाहीतर शिवणक्लास, एवढेच दोन रस्ते. मी एसटीने इंदापूरला यायची. जहागीर कधीच संपली होती, पण मालक गेल्यावरही चाकर ताटकळत उभे राहावेत तशा तिच्या इमारती उभ्या होत्या : घोड्यांची पागा, गाडीखाना आणि धान्य साठवायचा लांबलचक दगडी अंबारखाना. त्याच्या पूर्वेच्या खिडकीशी आमच्या बाईंचा वर्ग भरे. सात मशिनं, कापणीचं एक टेबल आणि सकाळचं लख्ख ऊन. जुन्या वर्तमानपत्रावर ब्लाऊजचा कागद कापताना बाई म्हणायच्या, "उजेड असला की शिवण आपोआप सरळ येती, पोरींनो."

बाई बौद्ध कुटुंबातल्या. त्यांच्या सासूने याच इमारतीच्या अंगणात उभा जन्म ज्वारी पाखडली होती. ओटा चढायची मात्र तिला मुभा नव्हती. मजुरीचं धान्य वरून पदरात पडायचं. म्हातारी कधी दुपारची वर्गाकडे यायची आणि उंबऱ्याशीच थबकायची.

"आत या की, आत्या," बाई म्हणायच्या.

"हितनंच दिसतंय. तुझं चालू दे."

ती शेवटपर्यंत आत आली नाही. ती अशी उंबऱ्याशी थांबली, की बाई पुन्हा मशीनवर बसत. पण बसताना त्यांचा कणा असा काही ताठ होई, की आम्हीही नकळत सरळ बसायचो.

मग जहागीरदारांच्या घरातल्या धाकट्या मालकांच्या मनाने घेतलं, की या इमारतींचं मार्केट करायचं. पुण्याहून आलेल्या आर्किटेक्टने त्याला 'शॉपिंग व्हिलेज' असं नाव दिलं. गावात आणखी गाव कशाला, ते कुणालाच उमगलं नाही. मालक स्वतः वर्गात येऊन म्हणाले, "बाई, काळजी करू नका. खिडकीचा गाळा तुमचाच धरा." बाईंनी त्याच दिवशी मशिनं जुन्या लुगड्यांत गुंडाळून घरी नेली. काम वर्षभर रखडलं. मी भेटायला गेले की त्या खडूने फरशीवर नव्या गाळ्याचा नकाशा काढून दाखवत : इथे टेबल, इथे आरसा, इथे मुली. दर वेळी नकाशात एखादं मशीन वाढलेलं असे.

दगडी कमानी तशाच ठेवून आत काचा बसल्या. पागेत आइस्क्रीमचं दुकान आलं, गाडीखान्यात साड्या. बाई मला सोबत घेऊन मालकांकडे गेल्या.

"तो गाळा पावण्यांनी मागितला, बाई. रेडिमेडचं दुकान टाकत्यात. मला न्हाय म्हणता येईना."

"मालक, तुमी शब्द दिला व्हता."

"व्हय की. म्हणून तर जिन्याखालची जागा ठेवलीया. एक मशीन आरामात बसतंय तितं."

बाई भांडतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तितं खिडकी हाय का?"

मालक हसले. "ट्यूबलाइट हाय की!"

सहा मशिनं विकली गेली. बाई जिन्याखाली फॉल-पिको करू लागल्या. जिन्याखाली वर्ग कसा भरणार? सासू वारली तेव्हा तीन दिवस मशीनवर लुगडं होतं. चौथ्या दिवशी बाई पुन्हा तिथे होत्या.

पुढे माझं लग्न होऊन मी निमगाव केतकीला गेले. धाकट्या बहिणीच्या लग्नाची खरेदी आम्ही इंदापूरच्या त्या मार्केटातच केली. त्या खिडकीशी, जिथे माझं मशीन असायचं तिथेच उभं राहून, मी रेडिमेड ड्रेस निवडला आणि अंगावर घालूनच बाहेर पडले. जिन्याखालून हाक आली, "थांब गं. खांदा उतरलाय." बाईंनी मला बसवलं, अंगावरच चार टाके घातले. मी काहीतरी पुटपुटले, "तुमच्याकडंच शिवायचा व्हता, बाई, पर येळच न्हवता."

"न्हाय गं. रंग चांगलाय," त्या म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला. सुईत दोरा ओवताना त्यांना तीनदा डोळे चोळावे लागले होते, ते मी पाहिलं होतं.

त्यानंतर मी त्या वाटेने जायचंच टाळलं. बाई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या, हे मला सहा महिन्यांनी बसस्टँडवर कुणीतरी सांगितलं.

काय उरलं, असं मी स्वतःला विचारते. दगड उरले, ते तर बाईंच्या आधीही होतेच. बाईंनी शिकवलेल्या चाळीसेक पोरी उरल्या. त्यातली एकही आज शिवत नाही. मीही नाही.