आठवड्याच्या गोळ्या एकदम

सुट्टीचा दिवस होता. इचलकरंजीजवळच्या कबनूरला त्या दिवशी वीज नसायची, म्हणून कापडाचे यंत्रमाग बंद... आणि माग बंद असले की आमच्या गावात माणसांना आपलाच आवाज मोठा वाटायचा. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते.

माझे वडील, अण्णा, मागावर कामाला होते. त्यांना ब्लडप्रेशर होतं. एका गोळीनं ते हटेना, म्हणून इचलकरंजीच्या डॉक्टरांनी जोडीला दुसरी दिली होती. पहिली रक्तदाब उतरवायची आणि दुसरी अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढायची. तिला आम्ही घरात पाण्याची गोळीच म्हणायचो.

त्या दिवशी दुपारी अण्णा कॉटवरून उठले आणि दोन पावलांत खाली बसले... बसले कसले, कोसळलेच. पोटऱ्यांत असे गोळे आले होते की एरवी हूं की चूं न करणारा माणूस विव्हळत होता. अंग गार, घामानं बनियन चिंब, डोळ्यांसमोर अंधारी. आईला एकच भीती... लकवा. तिच्या भावाचं तसंच झालं होतं. प्रेशर वाढलं आणि तोंड वाकडं होऊन तो वर्षभर अंथरुणाला खिळून गेला.

प्रेशर चढलंय, हे आईनं ठरवूनच टाकलं. मला फळीवरच्या दोन्ही गोळ्या काढायला लावल्या. मी अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं, आईनं तांब्या धरला. अण्णांनी दात घट्ट मिटले आणि मान हलवली. आई रडत होती, मी त्यांच्यावर चिडले होते. मरायला टेकलाय तरी हट्ट सोडत नाही हा माणूस, असंच वाटलं मला त्या क्षणी...

मी गोळी ओठाला लावली, तेव्हा कुठे ते बोलले.

"नको, पोरी... सकाळीच घेतल्यात. आठवड्याच्या सगळ्या."

माझ्या हातातली गोळी तशीच राहिली. आईला काही कळेना. मला कळलं... आम्ही त्यांना आणखी गोळ्या द्यायला निघालो होतो.

गल्लीत सुताची पोती वाहणारा टेम्पो उभा होता, त्यात घालून त्यांना इचलकरंजीला नेलं. वाटभर आई त्यांच्या पोटऱ्या चोळत होती आणि अंबाबाईला साकडं घालत होती. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला, हवा भरली, पुन्हा भरली. प्रेशर चढलेलं नव्हतंच, पार खाली गेलं होतं. अंगातलं पाणी आणि क्षार उपसून गेले होते. सलाईन लावलं, आणि संध्याकाळी अण्णांनी स्वतःहून पाणी मागितलं तेव्हा मी बाहेर जाऊन पोटभर रडले.

मग प्रश्न आला, का केलंत असं? डॉक्टरांनी विचारलं, आईनं विचारलं. मी सोडलं नाही, तेव्हा हळूहळू बाहेर आलं.

त्यांच्याकडे चार माग होते. सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की लगेच बदलायची, सुताची तार तुटली की जोडायची. माणूस हलला की कापड खराब. पाण्याची गोळी घेतली की सारखं लघवीला शेडच्या मागे जावं लागायचं, आणि जाताना शेजाऱ्याला सांगावं लागायचं, जरा माझे माग बघ. बरं, त्या खडखडाटात हळू सांगायची सोय नाही. ओरडूनच सांगायचं, म्हणजे सगळ्या शेडला कळणार. अण्णांना कुणापुढे "जरा बघ" म्हणणं जिवावर यायचं. म्हणून कामाच्या दिवशी ते फक्त पहिली गोळी घ्यायचे, दुसरी साठवायचे आणि सुट्टीला उरकून टाकायचे. आजवर ते कसंबसं निभावलं होतं. मागावर चालतं ना तसं... आज कापड कमी निघालं तर उद्या जास्त काढायचं, आठवड्याचा मेळ बसला की झालं!

डॉक्टर चिडले, पण मग खुर्ची ओढून नीट समजावलं. दोन्ही गोळ्या एकमेकींच्या आधारानं काम करतात, रोजच्या रोज. कालची राहिली तर ती आज भरून काढायची नाही. काही दिवस पाण्याची गोळी बंद ठेवून मग पुन्हा सुरू करायची, उठल्या उठल्या. कामावर जाईपर्यंत बराच जोर ओसरेल, पण एक-दोनदा तरी जावं लागेलच, हेही त्यांनी सांगितलं.

म्हणजे घोडं पुन्हा तिथंच अडलं. अण्णा कामावर जाऊ लागले, गोळीही सुरू झाली, पण आईला भरवसा नव्हता. तिनं मला डबा घेऊन शेडवर पाठवलं... डबा निमित्ताला, खरं तर नजर ठेवायला.

मी दारात उभी होते. अण्णांची चुळबुळ चाललेली, या पायावरून त्या पायावर. शेजारच्या मागांवर दस्तगीरचाचा, दोघं बरीच वर्षं असेच पाठीला पाठ लावून काम करायचे. अण्णांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मी मनात म्हणत होते, बोला की अण्णा... बोला.

आणि ते ओरडले. "दस्तगीर, माझं माग बघ की जरा! पिरेशरची गोळी हाय, बाहेर जाऊन यायला लागतंय!"

आसपासच्या माना वळल्या. अण्णांचे कान लाल. दस्तगीरचाचा मात्र जवळ आले आणि त्यांच्या कानाशी ओरडले.

"जा की. आन आल्यावर माझं बघ. मलाबी तीच गोळी हाय."

अण्णा जायचेच थांबले. "रोज घेतोस न्हवं?"

चाचा नजर चुकवत कांडी बदलायला वळले.

त्या संध्याकाळी अण्णांनी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. पुढे कितीतरी वर्षं दोघं एकमेकांचे माग बघत राहिले, आणि दोघंही नातवंडं खेळवून गेले.

आता मलाही दोन गोळ्या आहेत. डॉक्टरांचे उपकार आहेतच... पण अण्णांना मी त्या दिवशी शेडमध्ये ओरडताना ऐकलं, त्याहून मोठं धाडस मी आजवर कुणाचं पाहिलेलं नाही.