चाचणीचा लाल उजेड

आमच्या कारखान्यात तिला सगळे नमुनाबाई म्हणत. पेट्यांमधून नमुने काढणं हे तिचं काम, आणि स्वभावाने ती स्वतःही एक नमुनाच, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. मी मात्र ताई म्हणायचो. पहिल्या दिवशी मी नमुनाबाई म्हणालो तेव्हा तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा ते नाव तोंडातून निघालं नाही.

कारखाना बंदराच्या टोकाला होता. आम्ही लाल उजेडाची नळकांडी बनवायचो. होडी संकटात सापडली की झाकण उलटं करून नळकांड्याच्या टोकावर घासायचं, ते पेटतं आणि थोडा वेळ लाल उजेड देतं. कुणी पाहिला तर मदतीला धावतं. यात मेख अशी, की नळकांडं चांगलं आहे की नाही हे पेटवल्याशिवाय कळत नाही, आणि पेटवलं की ते संपलं. म्हणून प्रत्येक पेटीतली थोडी पेटवून बघायची आणि उरलेल्यांवर भरवसा ठेवायचा. तो किती ठेवायचा याचं गणित म्हणजे संभाव्यता, आणि नव्याने लागलेल्यांना ती शिकवण्याचं काम ताईकडे. माझं आणि गणिताचं शाळेपासून वाकडं. तरी तिने ते माझ्या डोक्यात उतरवलं, अर्थात आधी माझी सालटी काढून.

पहिला धडा नमुना काढण्याचा. मी सरळ वरच्या थरातली चार नळकांडी उचलली आणि ऐटीत तिच्यापुढे धरली.

"हाताला आली ती घेतलीस," ती म्हणाली. "तळाला ओल लागली असेल तर ते तुला कधी कळणार? पेटीतल्या प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी मिळाली पाहिजे. हाताला आळस असतो. त्याच्यावर निवड सोपवायची नाही."

मग एकदा ओळीने बरीच नळकांडी छान पेटली, तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणालो, "ताई, आता एखादं फुसकं निघायची वेळ झाली."

"का? आधीची पेटली हे याला कुणी जाऊन सांगितलं? शंभरात एक फुसकं म्हणजे प्रत्येक शंभरात एक मोजून ठेवलेलं नसतं रे बाबा. एका शंभरात एकही नसेल, दुसऱ्यात तीन असतील. पुष्कळ पेट्या पाहिल्या की मग सरासरी तिथे येते."

पुढे ती नेहमी एक वाक्य जोडायची, आणि ते बोलताना तिचा आवाज खाली जायचा. "हे गणित पेटीचं आहे. एकट्या नळकांड्याचं यातून काही कळत नाही."

आवाज का खाली जातो हे मला इतरांकडून समजलं. तिचा मोठा भाऊ मासेमारी करायचा. एका वादळी संध्याकाळी त्याची होडी उलटली आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं. त्याच्या होडीत आमच्याच कारखान्याचं नळकांडं होतं, ताईने पास केलेल्या पेटीतलं. तो नको नको म्हणत असताना तिनेच ते ठेवायला लावलं होतं. आणि त्या संध्याकाळी वेगळा लाल उजेड पाहिल्याचं गावात कुणीच सांगितलं नाही. म्हणजे ते पेटलंच नाही, असं सगळ्यांनी धरलं. ताईने तर धरलंच.

ती आणि वहिनी दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. मी कधीकधी चहाला जायचो. एकदा आत वहिनी करपलेलं पातेलं घासत होती. तो खर्र खर्र आवाज सुरू झाला आणि ताईचा कप धरलेला हात हवेत थांबला. झाकण टोकावर घासताना अगदी तसाच आवाज येतो. ती खिडकीकडे बघत राहिली आणि पुटपुटली, "दादा, परत घास." वहिनीनेही ते ऐकलं असणार, कारण घासणं थांबलं. पण ती बाहेर आली नाही.

वहिनीने या बाबतीत तिला एकदाच विचारलं होतं, ते ताईनेच मला सांगितलं. "ते फुसकं असेल का गं?" यावर ताई म्हणाली होती, "शक्यता फार कमी आहे." त्यावर वहिनी म्हणाली, "कमी म्हणजे आहे ना?" तेव्हापासून तो भाऊ आणि ते नळकांडं दोघींच्या मध्ये बसून होतं. एकत्र जेवायच्या, एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करायच्या, पण मोकळं बोलणं संपलं होतं.

चाचणी रोज अंधारून येताना व्हायची, कारण रंग तेव्हाच नीट कळतो. धक्क्याच्या टोकाला जाऊन आम्ही नमुने पेटवायचो. हे इतकी वर्षं चाललं होतं की गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. लाल दिसलं की दुकानदार आवराआवर करायचे, आया पोरांना घरात हाकायच्या. शेवटचं नळकांडं विझलं तरी ताई समुद्राकडे तोंड करून उभी राहायची, पलीकडून कुणी उत्तर देणार असल्यासारखी. मी घाईचा माणूस, पण तिथे मला तिला "चला" म्हणवत नसे.

एका संध्याकाळी वारा सुटला. वाऱ्याने ठिणग्या गोदामाकडे उडतात, म्हणून अशा दिवशी चाचणी बंद. आमचा हा नियम बाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पेटी परत नेताना वाटेत जाळी दुरुस्त करणारे काका बसले होते. म्हातारा मोठा थट्टेखोर.

"काय पोरी, एवढ्याशा वाऱ्याला घाबरलीस? तुझा भाऊ गेला त्या दिवशी याच्या दुप्पट वारा होता, तरी तुमचं लाल दिसलंच की. मी म्हटलं, भलतीच चिवट पोरगी. उठलो आणि जेवायला गेलो."

ताईने पेटी खाली ठेवली.

"काका, त्या दिवशी आम्ही काही पेटवलं नव्हतं. वाऱ्यामुळे बंद होतं."

काकांच्या हातातली सुई थांबली.

"कुठे दिसलं होतं?" तिने विचारलं.

"टोकाच्या जरा बाहेर. चांगलं मोठं होतं, विझेपर्यंत बघितलं मी. वाटलं, तुम्हीच."

"मग आम्ही विचारत फिरलो तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत, वेगळं काही दिसलं का. वेगळं कुठे होतं? रोजचंच होतं."

म्हाताऱ्याला उचलून पाण्यात टाकावं इतका संताप मला आला. ताईने मला हाताने मागे सारलं आणि नव्या लोकांना शिकवताना बोलायची त्याच आवाजात बोलली.

"रोज इथे लाल दिसतं, आणि रोज ते आमचंच असतं. मग लाल दिसल्यावर ते बुडणाऱ्या माणसाचं असण्याची शक्यता किती? जवळजवळ काहीच नाही. तुम्ही बरोबर धरलंत, काका. तुमच्या जागी मीही जेवायलाच गेले असते."

काका जाळ्यात तोंड खुपसून रडायला लागले. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

मी तिच्याबरोबर घराकडे निघालो. काहीतरी बोलायचं म्हणून मूर्खासारखं बोलून गेलो, "ताई, निदान तुम्ही पास केलेलं फुसकं तरी नव्हतं."

"फुसकं असतं तर ते एक फुसकं निघालं, एवढंच झालं असतं," ती म्हणाली. "लाल उजेडाकडे बघून न बघायला मी अख्ख्या गावाला शिकवलं. रोज, पेटवून पेटवून."

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. पेटलं होतं, एवढंच सांगून ताईला थांबता आलं असतं. ती थांबली नाही. वारा, बंद चाचणी, काका, त्यांचं जेवायला जाणं, सगळं क्रमाने सांगितलं, आणि दोष कुणाचा तेही सांगितलं.

वहिनी ऐकत होती. आता ती हिला घराबाहेर काढते की काय, असं मला वाटलं.

"पूर्ण पेटलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे ह्यांनी ते पेटलेलं पाहिलं," वहिनी सावकाश म्हणाली. "समोर गावातले दिवे दिसत असतील. ह्यांना वाटलं असेल, झालं, आता येतील."

ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.