धनसिंगचं आल्याचं पाणी

महागावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एक तांडा आहे. धनसिंग राठोड तिथं कायमचा परत आला, तेव्हा त्याच्याजवळ एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी होती. पेटीत कपड्यांखाली बाटलीला झाकण दाबून बसवायचं हातानं चालणारं यंत्र होतं. एका बिअरच्या कारखान्यात बाटल्यांच्या पट्ट्यापाशी उभं राहून त्यानं सारी जवानी काढली होती. कारखान्यात नवी यंत्रं आली, जुन्या माणसांना हार घालून निरोप दिला गेला. भंगारात निघालेलं ते झाकणाचं यंत्र त्यानं मुकादमाला मागून घेतलं. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याच्या बायकोचं, हंसाबाईचं नाव मात्र आसपासच्या तांड्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ दारूपायी गेला होता. त्यानंतर तिनं बायका गोळा केल्या आणि तांड्यातल्या दारूच्या भट्ट्या एकेक करून मोडल्या. "नवरा बिअरच्या कारखान्यात अन् तू दारू बंद करतं," असं कोणी तोंडावर बोललंच, तर ती म्हणायची, "अंजूचा बाप बाटल्या भरते, पेत नाही. तुमी पेता."

घरी आल्यावर धनसिंगला पहिले काही दिवस बरं वाटलं. मग वेळ जाईना. शेत इतकी वर्षं हंसाबाईनंच सांभाळलेलं. कोणत्या ओळीला तूर, कुठं पाणी साचतं, सगळं तिला पाठ. तो कपाशीत शिरला की ती लांबूनच ओरडायची, "अवो, पाय पाहून ठेवा, रोपटं तुडवान!" तो बांधावर येऊन बसायचा. हातांना झाकण, बाटली, पट्टा यांची इतकी सवय झाली होती की रिकामे हात त्याला परक्याचे वाटायचे.

मुलगी अंजू यवतमाळला दवाखान्यात नर्स होती. एकदा फोनवर ती सहज बोलून गेली, "बापू, तुमी आल्याचं पाणी काहून नाही करत? आलं, गूळ अन् लिंबू. आंबवून बाटलीत बंद केलं का आपोआप गॅस धरते म्हणतात. उन्हाळ्यात लोक आवडीनं पेतात."

धनसिंगच्या डोक्यात ते बसलं. कारखान्यात गॅस नळीतून यायचा, यंत्रानं भरला जायचा. पण आंबलेल्या रसात बाटली बंद करताना थोडा गूळ घातला, तर आतलं खमीर तो खातं आणि बाटलीतच गॅस तयार होतो, हे त्यानं जुन्या कामगारांकडून नुसतं ऐकलं होतं. करून कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं हंसाबाईला विचारलं. तिनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "नशा येते का त्याच्यानं?"

"आंबिलीनं येते का?" तो म्हणाला.

"मंग करा. पण बिअरची बाटली माह्या उंबऱ्याच्या आत दिसली नाही पाहिजे."

तिथंच पहिली चूक झाली. बिअरची तपकिरी बाटली जाड काचेची असते, आतला जोर सोसते, हे धनसिंगपेक्षा कोणाला जास्त माहीत? पण बायकोचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून त्यानं कबाड्याकडून सरबताच्या आणि सॉसच्या पातळ बाटल्या आणल्या. त्याच्या झाकणाचं माप ज्यांना बसत होतं, तेवढ्या निवडल्या. बरणीत किसलेलं आलं आणि गूळ रोज थोडा थोडा घालून त्यानं आधी विरजण धरलं. त्याला बुडबुडे आल्यावर मोठ्या डब्यात आल्याचा काढा, भरपूर गूळ आणि ते विरजण असं सगळं एकत्र केलं. फसफसणं सुरू झालं. तो दिवसातून दहा वेळा डब्याला कान लावायचा. कारखान्यात होत असे तसं सगळं शांत होईस्तोवर थांबायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण धीर सुटला. बुडबुडे अजून येतच होते, तरी एका सकाळी त्यानं बाटल्या भरल्या, वरून प्रत्येकीत अंदाजानं गुळाचं पाणी घातलं, झाकणं दाबली. झाकण बसताना होणारा तो 'कच्' आवाज किती दिवसांनी ऐकला! सगळ्या बाटल्या तुरीच्या पोत्यांमागं ओळीनं लावून तो समाधानानं बाजेवर आडवा झाला.

दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी पहिली बाटली फुटली. तिच्यापाठोपाठ दुसरी, मग तिसरी. लोकांना वाटलं सिलिंडर उडालं. सगळे धावत आले. हंसाबाई दारातच उभी होती, म्हणून वाचली. काचा तुरीच्या पोत्यांत घुसल्या होत्या, भिंतीवरून तपकिरी पाणी ओघळत होतं आणि घरभर आंबूस वास पसरला होता. तांड्यातल्या कोणालाही तो वास ओळखायला वेळ लागला नाही.

सगळ्यात पुढं लालीबाई होती. हिच्याच नवऱ्याचा, दारूसाठी आंबत ठेवलेल्या मोहाच्या सड्याचा डबा हंसाबाईनं चार लोकांसमोर उपडा केला होता. लालीबाईनं वास घेतला, पदर कमरेला खोचला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं बायका जमल्या. लालीबाई आवाज न चढवता बोलली. "हंसाबाई, तू माह्या घरचा डबा लवंडला, मी तुले काही म्हटलं नाही. चांगलंच केलतं तू. आता तुह्या घरी काय आंबून राह्यलं, थे सांग."

हंसाबाई उभी राहिली. तिला वाटत होतं, आपण हसून उडवून लावू. पण तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. तो कडुलिंबाखाली उभा होता.

"सांगा," ती म्हणाली. "नशा हाय का त्याच्यात?"

धनसिंगला नाही म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं? पण काल साऱ्या काचा गोळा करताना त्यानं उरलेलं पाणी चाखलं होतं. गूळ भरपूर होता, दिवस उन्हाचे होते. जिभेला ओळखीची चव लागली होती.

"हाय," तो म्हणाला. "थोडी हाय. मले वाटलं नव्हतं, पण हाय."

बायकांत कुजबूज झाली. हंसाबाईचा चेहरा उतरला. ती काही बोलायच्या आत धनसिंग घराकडं चालायला लागला. राहिलेल्या रसाचा डबा त्यानं खांद्यावर घेतला, न फुटलेल्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीत ठेवल्या, आणि सगळं मंदिरापुढं आणून नालीत ओतलं. प्रत्येक बाटलीचं झाकण त्यानं लांब हात करून, तोंड फिरवून उघडलं. फेस उडत होता. लालीबाई शेवटची बाटली रिकामी होईपर्यंत थांबली.

त्यानंतर घरात अबोला नव्हता, पण बोलणंही कमीच. धनसिंगनं यंत्र परत पेटीत ठेवलं. तो बांधावर जाऊन बसायला लागला. हंसाबाई निंदण करता करता त्याच्याकडं पाहायची. राग होता, पण तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. सगळ्यांसमोर खोटं बोलून हा माणूस तिची लाज राखू शकला असता. त्यानं खरं सांगितलं. तिच्या भावानं मरेपर्यंत एकदाही खरं सांगितलं नव्हतं.

अंजू सुट्टीवर आली, तेव्हा हंसाबाईनंच विषय काढला. "नशा न येता होते का गं थे पाणी?"

"होते ना याडी," अंजू आईला म्हणाली. "गूळच कमी टाकायचा. गॅस धरण्यापुरता. जास्त दिवस ठेवायचं नाही अन् धरलं का लगेच थंड्यात. दवाखान्यात मोजतो तसं काटेकोर मोजलं तर नशा शून्य नाही म्हणता येणार, पण ताकाइतकीच समज."

"अन् गोडी?"

"पेल्यात वरून पाक टाक."

हंसाबाई उठली, पेटी उघडून तिनं यंत्र काढलं आणि धनसिंगपुढं ठेवलं. "करा. पण आत नाही, ओट्यावर करा. दार उघडं ठेवून. गूळ मी टाकीन." जरा थांबून ती म्हणाली, "अन् त्या तुमच्या तपकिरी बाटल्या आणा. माह्या पायी जीव जात होता."

या वेळी सगळं ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. विरजणात गूळ चिमटीनं पडला. रस पुरता शांत होईपर्यंत धनसिंग थांबला. हात शिवशिवले की तो बाटल्या पुन्हा धुवायचा. बाटल्या भरायच्या दिवशी हंसाबाईनं गूळ उकळत्या पाण्यात विरघळवला, गार केला आणि सगळ्या डब्यात एकदाच ढवळला, म्हणजे कोणत्या बाटलीत कमी आणि कोणत्या बाटलीत जास्त असं होणार नव्हतं. मानेशी थोडी जागा सोडून धनसिंगनं बाटल्या भरल्या. अंजूनं एक पाण्याची प्लास्टिकची बाटलीही त्याच रसानं भरून ठेवली. ती दाबून पाहायची; मऊ असली की गॅस अजून नाही, दगडासारखी झाली की बाकीच्या बाटल्या थंड्यात न्यायच्या. धनसिंगला ही युक्ती इतकी आवडली की तो जाता-येता त्या बाटलीला दाबायचा, जसं आंबा पिकला का ते पाहतात तसं.

तीजेचा सण आला. पोरींनी टोपल्यांत गहू पेरले होते, अंकुर वीतभर झाले होते. नाचून घामाघूम झालेल्या पोरींसाठी हंसाबाईनं ओल्या गोणपाटात गार केलेल्या बाटल्या मंदिरापुढं आणल्या. धनसिंगनं पहिली बाटली स्वतः उघडली. झाकण उडालं, फेस मानेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यानं पेला भरला, पाक टाकला आणि आधी लालीबाईसमोर धरला.

लालीबाईनं वास घेतला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. आल्याच्या तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या बायका तिच्याकडंच पाहत होत्या.

"झिणझिणते बाप्पा नाकात," ती म्हणाली आणि उरलेलं एका दमात प्यायली. मग पेला पुसून जवळच्या पोरीच्या हातात दिला. "घे, पे. काही नाही होत."

पोरींचा गलका झाला. हंसाबाई पाक टाकत होती, धनसिंग झाकणं उघडत होता. दोघांनाही मान वर करायला फुरसत नव्हती.